बंद घरांतल्या मिरच्या

सोफिया, ३ नोव्हेंबर

प्रिय त्सोना आत्या,

दोन कामं आहेत म्हणून लिहिते आहे. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, आणि मला नीट बोलता येत नाही.

पहिलं काम. बाबांच्या स्लिवदोलच्या घराची वीजजोडणी कायमची तोडावी असा अर्ज मी कंपनीकडे केला आहे. बाबा जाऊन तीन वर्षं झाली. त्या घरात कोणी राहत नाही. वर्षभर वापर नसलेल्या मीटरवर कंपनी आता ‘बंद जोडणी आकार’ लावते. मागच्या वर्षी तो मी भरला. दिवा न लावता दिव्याचे पैसे भरत राहणं मला पटत नाही. मीटर काढायला माणसं येतील तेव्हा दार उघडून द्यावं लागेल. किल्ली तुझ्याकडे आहे.

दुसरं काम. अर्ज पाठवून झाल्यावर मी त्या मीटरच्या नोंदी पाहिल्या. घर बंद असूनही सप्टेंबरमध्ये सात युनिट वीज वापरली गेली आहे. त्याआधी कित्येक महिने शून्य. मीटर आपोआप फिरत नाही. कोणीतरी मागच्या बाजूने तार जोडून घेतली असावी. लाझरकाकांना एकदा बघायला सांग. त्यांनी कशालाही हात लावू नये, फक्त बघावं.

तुमच्याकडे थंडी सुरू झाली असेल. काळजी घे.

दिलियाना

*

स्लिवदोल, ११ नोव्हेंबर

दिले, पोरी,

तुझं पत्र टपालाच्या गाडीने काल आलं. गाडीवाला म्हणाला, “सोफियाहून आलंय, पण फार हलकं आहे.” मी म्हटलं, “तिची पत्रं हलकीच असतात. वजन सगळं डोक्यात आहे.”

लाझरने मागची भिंत पाहिली. हात लावला नाही, तसं शपथेवर सांगतो. तार नाही, काही नाही. खिडकीत एक मांजर बसलंय. मी विचारलं, “मांजर सात युनिट खाईल का रे?” तर म्हणतो, “सोफियाचं असेल तर खाईल.” तेव्हा तो विषय सोड. जुनी मीटरं म्हाताऱ्या माणसांसारखी असतात, मधूनच झोपेत चालतात.

किल्ली मात्र सापडत नाही. कुठे ठेवली आठवेना. वय झालं माझं. मीटरवाल्यांना इतक्यात पाठवू नकोस.

खरं काम पुढेच आहे. तुला माहीत आहे, आमची तीन गावांची ग्राहक समिती आहे आणि मी तिची अध्यक्ष आहे. कारण एवढंच, की बाकी कोणाचंही पत्र शाई न फासता पूर्ण होत नाही. आता बंद जोडणी आकारावर कंपनीने आणखी एक काढलंय, ‘क्षमता आकार’. दर महिन्याला, दर मीटरमागे, कायमचा. वीज वापरा नाहीतर वापरू नका. आमच्या एकट्या स्लिवदोलात मीटर अडतीस आणि माणसं राहतात ती घरं बारा. बाकीच्यांची पोरं स्पेनला सारागोसात, म्युनिकमध्ये, तुझ्यासारखी सोफियात. ती काय म्हणणार? “आई, तोडून टाक.” मिंकाचा मुलगा तसं म्हणालासुद्धा. आणि कंपनीचा माणूस गेल्या वर्षी सरळ सांगून गेला की चालू मीटर विसाच्या खाली आली की डोंगरावरून येणारी लाइन पडली तरी परत उभी करणार नाही.

वीस जानेवारीला वीज आयोगापुढे सुनावणी आहे. तू शिकलेली आहेस. क्षमता आकार म्हणजे काय ते मला कळेल असं लिहून पाठव.

सोबत ल्युतेनित्साची बरणी पाठवली आहे, यंदाच्या भाजलेल्या मिरच्यांची. गाडीवाल्याने वाटेत चाखली नाही तर भरलेली पोचेल. ब्रेडला लावून खा. उभ्याने खाऊ नकोस.

तुझी आत्या त्सोना

*

सोफिया, १९ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

बरणी भरलेली पोचली. आभार.

क्षमता आकार असा. तुमच्या गावाला वीज एका ट्रान्सफॉर्मरमधून येते. एका वेळी तो ठरावीक भारच पेलतो. कंपनीचं म्हणणं आहे की गावाचा भार आता त्याच्या मर्यादेजवळ पोचला आहे, म्हणून मोठा ट्रान्सफॉर्मर बसवावा लागेल, आणि तो खर्च गावातल्या सगळ्या मीटरांनी वाटून घ्यावा. भार खरोखर तेवढा असेल तर मागणी योग्य आहे. नसेल तर अयोग्य आहे. म्हणजे सगळं मोजणीवर अवलंबून आहे.

याच्या पुढे मी तुला सल्ला देऊ शकत नाही. कारण सांगते, आणि ते मागच्या पत्रातच सांगायला हवं होतं. ती मोजणी आमच्या प्रयोगशाळेने केली आहे. काम आयोगाने दिलं, आठवडा कंपनीने ठरवला. यंत्र बसवायला माझा सहकारी आला होता. अहवाल मी लिहिते आहे.

एक प्रश्न मात्र तुला विचारायला हरकत नाही, कारण तो मी कोणालाही विचारला असता. त्या आठवड्यात सहा दिवस स्लिवदोलचा भार एखाद्या झोपलेल्या गावासारखा आहे. शनिवारी, १७ सप्टेंबरला, दुपारी तो एकदम पाचपट होतो आणि संध्याकाळपर्यंत तसाच राहतो. कंपनी त्या एका शनिवारावर बोट ठेवून बसली आहे. त्या दिवशी गावात काय होतं? लग्न? जत्रा?

आणि किल्लीबद्दल. तू एकतीस वर्षं पोस्ट सांभाळलंस. त्या काळात तुझ्याकडून एक किल्लीही हरवली नव्हती असं बाबा सांगायचे. तेव्हा पुन्हा शोध.

दिलियाना

*

स्लिवदोल, २६ नोव्हेंबर

दिलियाना,

म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा तो डबा तुम्ही लावलात.

तुझा सहकारी आला तेव्हा मिंकाने त्याला कॉफी दिली होती. लाझरने शिडी धरली होती. आम्हाला वाटलं दुरुस्तीचा माणूस आहे. गुणी पोरगा, म्हणाला, “आजी, काही नाही, जरा मोजतोय.” आम्ही म्हटलं, मोज बाबा.

आता समितीत मला लोक विचारतात, “तुझी भाची सोफियात विजेचंच काहीतरी करते ना? तिला विचार.” मी काय सांगू? तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं नाही.

शनिवारी काय होतं ते मला आठवत नाही. गावात राहिलो म्हणून आमची प्रत्येक दुपार कोणी लिहून ठेवत नाही. तुम्ही ठेवता, तर तुम्हालाच ठाऊक.

मीटर काढणारे येऊन गेले. दार बंद होतं, ते परत गेले. तुझ्या बाबांच्या, नैदेनच्या दारावर त्याच्या फोटोचं काळ्या चौकटीचं श्रद्धांजलीचं पत्रक आहे, मी दर वर्षी नवं लावते. त्यातला एक ते बघून दुसऱ्याला म्हणाला, “इथे तर कोणीच नाही.” मी फाटकात उभी होते. मी काय झाड आहे?

त्सोना

*

सोफिया, ५ डिसेंबर

प्रिय आत्या,

तू रागावली आहेस. त्यावर मी काही लिहीत नाही, कारण रागावण्याचं कारण बरोबर आहे.

मला जे दिसलं ते लिहिते. हे सगळं अहवालात येणार आहे आणि अहवाल सुनावणीआधी सर्वांना खुला होईल, म्हणून लिहायला हरकत नाही.

ट्रान्सफॉर्मरच्या नोंदींबरोबर आम्हाला प्रत्येक मीटरच्या नोंदीही मिळाल्या. त्या शनिवारी दुपारी गावातली सव्वीस बंद घरं एकदम जागी झाली. सव्वीसच्या सव्वीस. संध्याकाळी एकेक करून पुन्हा झोपली. चोर असे एकदम सगळ्या घरांत शिरत नाहीत. जत्रा असती तर भार चौकात दिसला असता. प्रत्येक घरातला भार एकसारखाच, एक किंवा दोन किलोवॅटच्या टप्प्यांनी चढणारा. म्हणजे प्रत्येक घरात एकाच प्रकारचं यंत्र.

मी तुझी बरणी पुन्हा काढून पाहिली. झाकणावर पेन्सिलीने ‘नैदेन’ लिहिलं आहे. मला वाटलं होतं, बाबांच्या जुन्या बरण्यांतली एखादी तू धुऊन वापरलीस. पण झाकण नवीन आहे.

बंद घरांत जाऊन तुम्ही मिरच्या भाजल्यात. मीटर फिरावं म्हणून. हो ना?

असेल तर अडचण अशी आहे. जानेवारीत आयोग मला विचारेल की शनिवारचा भार हा गावाचा नेहमीचा भार आहे का. मी ‘नाही’ म्हणेन. पुढचा प्रश्न येईल, मग तो कशाचा? त्याचं खरं उत्तर दिलं तर क्षमता आकार टिकणार नाही. पण त्याच उत्तराने ती सव्वीस घरं नावापुरती चालू ठरतील. मग बंद जोडणी आकार, मग मीटर काढणं, मग विसाची अट. एका हाताने लाइन वाचेल, दुसऱ्या हाताने जाईल.

मी खोटं बोलणार नाही. हे तुला नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

दिलियाना

*

स्लिवदोल, १४ डिसेंबर

दिले,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग मिंकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “ही पोर झाकण बघून पातेल्यात काय आहे ते सांगते. नैदेनचीच आहे.” मग आम्ही दोघींनी राकियाचा एकेक पेला घेतला आणि ठरवलं की तुला सगळं लिहायचं.

किल्ली हरवलेली नाही. सव्वीसच्या सव्वीस किल्ल्या माझ्याकडे जुन्या टपालाच्या कप्प्यांत आहेत. जाताना प्रत्येक जण देऊन गेला. पूर्वी त्या कप्प्यांत पत्रं असायची, आता किल्ल्या असतात.

बंद जोडणी आकार आला तेव्हा बैठकीत लाझर म्हणाला, “सोपं आहे. एकेका घरात एकेक दिवा लावून ठेवू.” मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, “माणूस नसलेल्या घरात दिवा जळत ठेवायचा म्हणजे खोटं बोलायचं, तेही रात्रभर.” मिंका म्हणाली, “मग खोटं बोलू नका. स्वयंपाक करा.” सगळे हसले. ती हसत नव्हती. म्हणाली, “माझ्या पोराच्या वाटणीच्या मिरच्या मी दर वर्षी माझ्या घरी भाजते आणि सारागोसाला पाठवते. त्याच्या मिरच्या, त्याचं घर, त्याचं मीटर. तिथेच भाजल्या तर कोणाच्या पोटात दुखतंय?”

तसं ठरलं. मिरच्यांचा ट्रक खालच्या सपाटीवरून वर्षातून एकदाच येतो, शुक्रवारी. मिरच्या ठेवल्या तर मऊ पडतात, म्हणून शनिवारीच भाजायच्या. लेकी-सुना आल्या होत्या. ज्याच्या त्याच्याकडची चुश्कोपेक, म्हणजे ती मातीच्या नळकांड्याची विजेची भट्टी तुला आठवत असेल, हातगाडीवर घालून आम्ही घरोघरी पोचवली. जेवणं झाली आणि सगळीकडे एकदमच सुरू झालं. धूर असा, की खालच्या गावातून एक जण सायकलवर विचारायला आला, कोणाचं घर पेटलं म्हणून. लाझर रस्त्यावरून ओरडत होता, “पेटलं नाही, उघडलं!”

दिले, तू ते बघायला हवं होतंस. एकेका घराच्या खिडक्या उघडलेल्या. स्टोयानच्या घरात बाई बोलायचा आवाज किती वर्षांनी आला. मिंका मुलाच्या स्वयंपाकघरात भिंतीशी भांडत होती, “कोळिष्टकं बघ, सूनबाई असती तर नाक मुरडलं असतं!” सून सारागोसात जन्मली, तिने ते घर पाहिलेलंसुद्धा नाही.

भाजलं, सोललं, शिजवलं, बरण्या भरल्या. ज्या घरात शिजलं त्या घराचं नाव झाकणावर. आणि त्या बरण्या त्या त्या माणसाकडे गेल्या. एकही आम्ही ठेवून घेतली नाही. आता सांग, यात फसवणूक कुठे आहे?

नैदेनच्या घरात मी एकटी होते. तिथलं सॉकेट ठिणग्या टाकतं, म्हणून एकच भट्टी लावली. म्हणून तुझे सात युनिट, बाकीच्यांचे जास्त. तेवढंसुद्धा तुझ्या कागदाने पकडलं.

पण एक गोष्ट आम्हाला कळली नव्हती ती तुझ्या पत्राने कळली. मीटर वाचवायला आम्ही जी आग पेटवली, तिचाच धूर दाखवून कंपनी आता मोठा ट्रान्सफॉर्मर मागते आहे. लाझरला सांगितलं तर दोन दिवस तो घराबाहेर पडला नाही. पाळलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांकडेही फिरकला नाही.

तू गप्प राहशील का? एवढंच विचारते. ‘नाही’ म्हणालीस तरी तू नैदेनचीच.

आत्या

*

सोफिया, २२ डिसेंबर

प्रिय आत्या,

नाही. मी गप्प राहू शकत नाही.

मी माझ्या साहेबांना सांगितलं की स्लिवदोलमध्ये माझ्या नावावर घर आहे, तेव्हा अहवाल दुसऱ्या कोणी लिहावा. ते म्हणाले, “ते बंद आहे ना?” मी म्हटलं, बंद आहे. “तुम्ही जोडणी तोडायचा अर्जही केलाय ना?” केला आहे. “मग ज्या घरात माणूस नाही त्या घरात हितसंबंध कसला?” मी ते लेखी द्या म्हटलं. त्यांनी दिलं नाही. म्हणून अहवालाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलं आहे की गावात माझं घर आहे.

अहवालात काय आहे ते तू इतरांबरोबरच वाचशील. सुनावणी होईपर्यंत मी तुला पत्र लिहिणार नाही, आणि सभागृहात तुझ्याशी बोलणारही नाही. त्याचा अर्थ लावू नकोस. साक्ष देणाऱ्याने एका बाजूच्या माणसाशी बोलायचं नसतं, एवढाच तो आहे.

तू विचारलंस, यात फसवणूक कुठे आहे. हा प्रश्न मला विचारायचा नाही. तो जिथे विचारायचा तिथे विचार.

नाताळच्या शुभेच्छा. लाझरकाकांना सांग की चूक मोजणीच्या आठवड्याची आहे, मिरच्यांची नाही. हे अहवालात आहे म्हणून सांगायला हरकत नाही.

दिलियाना

*

स्लिवदोल, २७ जानेवारी

दिले, पोरी,

आता लिहायला हरकत नाही ना? सुनावणी झाली, निकालही आला. पण तू माझ्याकडे एकदासुद्धा पाहिलं नाहीस, तेव्हा मी काय पाहिलं ते तुला सांगते.

आम्ही नऊ जण होतो. बस पहाटेची, लाझरला वळणांवर मळमळलं. दारावरचा शिपाई बरण्यांची पेटी आत नेऊ देईना. “काचेची वस्तू चालत नाही.” मिंका म्हणाली, “तुझा चष्मा काढ मग.” गेली आत पेटी.

तू समोरच्या रांगेत होतीस. करडा कोट, केस मागे घट्ट. नैदेन दाढदुखी लपवायचा तेव्हा त्याचा चेहरा असाच व्हायचा.

कंपनीचा वकील गोड बोलत होता. “आजीबाई, म्हणजे तुम्ही मान्य करता की बंद घरांत जाऊन तुम्ही मुद्दाम वीज वापरलीत?”

मी म्हटलं, “मुद्दामच. चुकून कोणी मिरच्या भाजतं का?”

“मीटर चालू दिसावं म्हणून?”

“मीटर चालू राहावं म्हणून. आणि ल्युतेनित्सा व्हावी म्हणून. दोन्ही झालं. वीज तुमची, बिल आम्ही भरलं, मिरच्या ज्यांच्या त्यांनी खाल्ल्या. यात तुमचं काय गेलं ते दाखवा, मी परत करते.”

मग मी सारागोसाहून, म्युनिकहून आलेले फोटो दाखवले. प्रत्येकाच्या टेबलावर बरणी, बरणीवर घराचं नाव. स्टोयानच्या नातवाने तर पूर्ण तोंड माखून घेतलं होतं. अध्यक्षबाई चष्मा वर करून बघत होत्या. त्यांनी हसू दाबलं, मी पाहिलं.

मग तुला बोलावलं. ट्रान्सफॉर्मरचं तू सांगितलंस ते मला सगळं कळलं, आणि मी अभिमानाने मिंकाच्या बरगडीत कोपर मारलं. वर्षातून एक दुपार भार चढला तर त्यासाठी मोठा ट्रान्सफॉर्मर लागत नाही, होता त्यानेच तो भार पेलला, तोही मर्यादेच्या आत. हिवाळ्यात मोजा, गावाचा भार तेव्हा कळेल. एवढं सरळ.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “पण हा वापर खरा म्हणायचा की देखाव्याचा?”

तू म्हणालीस, “मीटर असा फरक करत नाही. नियमात ‘वापर’ एवढाच शब्द आहे. कोणी वापरावी, कशासाठी, हे लिहिलेलं नाही. वीज वापरली गेली आणि मिरच्या भाजल्या गेल्या.”

मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्या वकिलाने एक कागद काढला. तुझा अर्ज. हळूच म्हणाला, “साक्षीदारांचं स्वतःचं घर त्याच गावात आहे. आणि त्यांनी स्वतःच जोडणी तोडायला सांगितली आहे. कारण लिहिलंय, ‘वापर नाही’. ज्या मुलीला आपल्या वडिलांच्या घरात वीज नको, तिनेच सांगावं, ही घरं चालू आहेत की मेलेली.”

दिले, लाझरने टोपी हातात घट्ट पिळली. मी मनात म्हटलं, आता ही पोर मोडणार किंवा चिडणार. तू दोन्ही केलं नाहीस. तू तो कागद मागून घेतलास, पूर्ण वाचलास, जसं काही दुसऱ्या कोणी लिहिलंय.

आणि म्हणालीस, “अर्ज माझा आहे. सही माझी आहे. मी तो नोंदी पाहण्याआधी केला. कारणाच्या रकान्यात मी ‘वापर नाही’ लिहिलं. नोंदीत सात युनिट आहेत. कारण चुकीचं आहे.”

वकील म्हणाला, “म्हणजे?”

“म्हणजे घर चालू आहे. मला माहीत नव्हतं.”

तेव्हा मिंका रडली. मी नाही. मी पेटी बंद करत होते.

निकाल असा. तिन्ही गावांना क्षमता आकार लागणार नाही. हिवाळ्यात नव्याने मोजणी होईल, मग बघू म्हणाले. बंद जोडणी आकार मात्र राहिला. त्याला हात लावला नाही. पण निकालात एक ओळ आहे, ‘मालकाच्या संमतीने झालेला कोणताही वापर हा वापरच समजावा.’ लाझरने ती ओळ पाठ केली आहे आणि दिवसातून दोनदा म्हणतो. म्हणजे दर सप्टेंबरला भाजावं लागणार. आम्ही बारा घरं, आणि बारातले चार जण गुडघ्यांनी गेलेले. किती वर्षं जमेल ठाऊक नाही. पण या वर्षी लाइन आहे.

संमतीची पत्रं मी सगळ्यांना मागितली. पंचवीस येतील. सव्विसाव्या घराचं काय, ते तुला विचारायचं राहिलं. घर तुझं आहे. तोडायचं असेल तर मी स्वतः दार उघडीन, किल्ली हरवली म्हणणार नाही.

तुझी त्सोना आत्या

*

सोफिया, ४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

अर्ज मागे घेतला. कंपनीची पोच सोबत आहे. त्यांची माणसं पुन्हा आली तर दाखव.

हिवाळ्याची मोजणी आमच्याच प्रयोगशाळेकडे आली आहे. ती मी करणार नाही. साहेब म्हणाले, “मागच्या वेळी तर केलीत. आता काय झालं?” मी म्हटलं, आता त्या घरात माणूस असणार आहे. त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. या वेळीही लेखी मागितलं होतं. या वेळी दिलं.

संमतीपत्र पाठवत नाही. प्रत्यक्ष देईन.

स्वयंपाकघरातल्या त्या सॉकेटबद्दल. त्याला अर्थिंग नाही आणि मागची तार अॅल्युमिनियमची आहे. शिकत असताना मी बाबांना ते सांगितलं होतं. ते म्हणाले, मी इलेक्ट्रिशियन बोलावणार नाही, तू येशील तेव्हा तूच कर. तांब्याची तार, नवीन सॉकेट आणि माझी हत्यारं घेऊन मी शनिवारच्या बसने येते आहे. दिवसभराचं काम आहे, रविवारी परत निघेन. फेब्रुवारीत मिरच्या नसतात हे मला माहीत आहे. काम झाल्यावर तिथे काहीतरी शिजवून बघावं लागेल. काय, ते तू ठरव.

किल्ली दारालाच लावून ठेव. मी पोचेपर्यंत त्या सॉकेटला हात लावू नकोस.

दिलियाना